निवट्या बिळात श्वास कसा घेतात?

चिखलपाय: ओहोटीला खाडीच्या चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतात ते माहितीये, पण परवा दुर्बिणीतून बघत होतो तर पाणी चढायला लागल्यावर बऱ्याचशा सरळ बिळात घुसल्या. हा चिखल जरा उकरला तरी सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे आत ऑक्सिजन जवळपास नाहीच, आणि म्हणे अंडीपण तिथेच घालतात?? मग आत जगतात कशा? आणि बाहेर असताना कल्ले सुकत नाहीत का?

पाणकोंबडी: कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतात, पण बाहेर असताना मुख्य भिस्त कातडीवर आणि तोंडा-घशाच्या आतल्या ओल्या अस्तरावर, तिथून हवेतला ऑक्सिजन थेट रक्तात जातो. म्हणून तर मधेच चिखलात लोळतात, अंग सुकलं की खेळ खल्लास. डोळेपण खोबणीत आत ओढून ओले करतात.

खेकडेदादा: अंड्यांचा प्रकार तर जबराट आहे. जपानमध्ये पेरिऑफ्थॅल्मस मोडेस्टस या जातीवर यावर काम झालंय. बीळ खाली जाऊन टोकाला परत वर वळतं, तिथे एक छोटी खोली, आणि अंडी तिच्या छताला चिकटवलेली. ओहोटीला नर वर येतो, तोंडभर हवा घेतो, आत जाऊन सोडतो, परत वर, अशा खेपा चालूच. हवा छताखाली अडकते आणि अंडी पाण्यात नाही तर त्या हवेत वाढतात. पिल्लं तयार झाली की रात्रीच्या भरतीला हाच नर ती हवा तोंडाने बाहेर नेऊन टाकतो, खोलीत पाणी भरतं आणि अंडी फुटतात. एवढं टायमिंग त्याला कसं कळतं देव जाणे.

चिखलपाय: बापरे, म्हणजे बाप नुसता हमालच! आणि त्या पाठीवरचा पर ताठ करून एकमेकींवर धावून जातात ते कशासाठी?

पाणकोंबडी: एक तर नराला मादीवर छाप पाडायची असते, नाहीतर मग जागेचं भांडण. बोलिओफ्थॅल्मस गटातल्या निवट्या असतील तर डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचं बारीक शेवाळ खरवडून खातात, त्यामुळे समोरचा चिखलाचा तुकडा हेच त्यांचं ताट, तो कोण सोडेल. पेरिऑफ्थॅल्मस मात्र किडे, छोटे खेकडे असलं पकडून खातात.

खेकडेदादा: पुढच्या वेळी एका जागी न हलता बस, उभं राहून सावली पाडलीस की सगळ्या गायब.