मुंबई सोडून गावी कायमचं राहायला जावं का? गेलेल्यांनी आणि परत आलेल्यांनी अनुभव लिहा

लग्न होऊन डोंबिवलीत आले त्याला १७ वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर यांची कंपनी बंद पडली. लांजा तालुक्यात सासऱ्यांचं घर आहे, आडवली स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं. जांभ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. यांचं मन केव्हाच ठरलंय, माझं ठरत नाही. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, सासूबाईंना मधुमेह. मे महिन्यात गाव सगळ्यांनाच आवडतं, आंबे-फणस असतात, घर माणसांनी भरलेलं असतं. मला जुलै कसा जातो ते ऐकायचंय. टिकलेल्यांनी लिहा, परत फिरलेल्यांनी तर नक्की लिहा, आणि उलट दिशेने शहरात आलेल्यांनीही. पैशांचा हिशेब आम्ही वहीत मांडलाय. बाकीचं सांगा.

देवरुखजवळून

ताई, २०१४ साली आम्ही विक्रोळी सोडली. मी तेव्हा ४३ वर्षांचा होतो. तुम्ही जुलै विचारलात, तर आधी तेच सांगतो. पहिल्या पावसाळ्यात सलग आठ दिवस ऊन पडलं नाही. मुलांचे गणवेश चुलीवरच्या दांडीवर वाळवायचो, मग वर्गात त्यांच्या अंगाला धुराचा वास. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं आणि आई घसरून पडली, मनगट मोडलं. वीज गेली की दोन-दोन दिवस यायची नाही. लाकडं मे संपायच्या आत पडवीत रचायची, घर शाकारून, म्हणजे कौलं नीट करून घ्यायचं, पायवाटेवर माडाची झापं टाकायची, हे सगळं आम्हाला शेजारच्या काकींनी शिकवलं. दुसऱ्या वर्षी त्यातलं काहीच कठीण वाटलं नाही.

पावसापेक्षा जड गेली ती जमीन. सात-बारावर १९ नावं. त्यातली ६ माणसं वारलेली आणि वारस नोंदी झालेल्याच नाहीत. फळबागेच्या अनुदानाला गेलो तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं आणा म्हणाले. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे वाटप होतं, नाहीतर दिवाणी कोर्ट, आणि तिथे किती वर्षं जातील ते कोणी सांगत नाही. मी आंब्याची पेटी घेऊन एकेकाच्या घरी गेलो. ३ वर्षं लागली. बडोद्याची चुलत आत्या सही करेना. मला वाटलं, तिला पैसे हवे असतील. ती म्हणाली, "जमीन नको रे मला, पण नाव राहू दे. नाव गेलं की माहेर गेलं." मग वाटपात तिच्या नावावर विहिरीकडचे २ गुंठे ठेवले. ती दर वर्षी शिमग्याला येते, त्या तुकड्यात जाऊन उभी राहते.

२०० काजूची कलमं लावली, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७. तिसऱ्या वर्षी बी धरली, पण उत्पन्न म्हणावं असं सहाव्या वर्षी हातात आलं. तोवर घर चाललं ते मोटर वाइंडिंगवर. मुंबईत १८ वर्षं तेच केलं होतं, इथे बाजारपेठेत गाळा घेतला. गावोगावी विहिरींवर पंप आहेत आणि ते ऐन एप्रिलमध्ये जळतात. तुमच्या यजमानांच्या हातात काय काम आहे ते आधी बघा. आंबा-काजूवर लगेच संसार चालेल अशा भरवशावर येऊ नका. आंब्याला मोहोर आला की तुडतुडे, फुलकिडे, त्यात अवकाळी पाऊस, आणि हाताशी आलेलं वानरं खातात.

दापोली तालुक्यातून परत ठाण्याला

आम्ही परत फिरलो. मे २०२० मध्ये गेलो, १४ दिवस गावच्या शाळेत काढले आणि घरी येऊन जेमतेम बस्तान बसतंय तोच ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी पत्रे उडाले, पोफळी एकावर एक आडव्या झाल्या. वारा थांबल्यावर सासरे आगरात गेले. काही बोलले नाहीत, पडलेल्या प्रत्येक पोफळीच्या बुंध्यावर हात ठेवत शेवटपर्यंत चालत गेले. नवीन रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि त्यांचं वय तेव्हा ७४. आमच्या वाडीत २६ दिवस वीज नव्हती.

पण आम्ही वादळामुळे परत आलो नाही. उलट त्या दिवसांत घर सगळ्यात जास्त एकत्र होतं. परत आलो ते माझ्यामुळे. ठाण्यात मी एका सीएंकडे हिशेबाचं काम करत होते, ते सोडलं. हे सड्यावर रेंज मिळते तिथे लॅपटॉप घेऊन बसायचे, संध्याकाळी मित्रांबरोबर खाडीवर. माझा दिवस पाच वाजता पाण्यापासून सुरू व्हायचा आणि रात्री भांड्यांपाशी संपायचा. येणारा-जाणारा चहा घेऊनच जायचा. यांच्यासाठी ते लहानपणचं गाव होतं, माझ्यासाठी सासर. सासूबाईंनी मला कधी वावगा शब्द बोलला नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. तरी दोन वर्षांत मला स्वतःची अशी एकही दुपार आठवत नाही.

ताई, तुमचं मन ठरत नाही हे इथे लिहिलंत तसं घरातही बोला. मी बोलले नाही. तब्येतीवर आलं, मग सगळ्यांना कळलं.

कणकवली

आमच्यात निर्णय असा झालाच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील लालबागच्या खोलीवर वर्षभर वाट बघत राहिले आणि मग ट्रंक घेऊन गावी आले. मी सात वर्षांचा होतो. गावी आल्यावरही कित्येक महिने ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, तोंड धुवून, कपडे घालून खळ्यात बसायचे. उजाडलं की आई त्यांच्या हातात कोयता द्यायची, मग ते मळ्यात जायचे. नांगर धरायला ते माझ्या मामाकडून शिकले, वयाच्या ४४ व्या वर्षी. पुढे काही जण नुकसानभरपाईसाठी मुंबईला जाऊन आले, त्यांनी वडिलांना बोलावलं. वडील म्हणाले, "माका आता मुंबयक जावक नको." कोणी रागावून बोललंय असं वाटलं नाही. भाताची लावणी चालू होती तेव्हा.

लातूर जिल्ह्यातून भोसरीला

माझं उलट आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या गावाला ती गाडी नव्हती. बोअर साडेसातशे फुटांवर कोरडा गेला, त्याचं कर्ज झालं. अडीच एकर सोयाबीन-तुरीत ते फिटणार नव्हतं. गावात प्रत्येक जण कर्जाचं विचारायचा. काळजीनेच विचारायचे, पण माझ्या मालकांनी पारावर जाणं सोडलं, मग मळ्यातून घरी येणंही कमी केलं. मी घाबरले. आमच्याकडे त्या वर्षांत काय काय होत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मीच म्हणलं, चला इथून.

भोसरीत दहा बाय दहाची खोली. हे एका वर्कशॉपमध्ये मशीनवर लागले, मी पोळ्या लाटायला जाते. इथं आम्हाला कोणी ओळखत नव्हतं, याचाच त्यांना औषधासारखा उपयोग झाला. चौथ्या महिन्यात ते भाजीवाल्याशी भाव करताना हसले, मी पिशवी धरून नुसती बघत उभी राहिले. कर्ज २०२१ ला फिटलं. रान बटईनं दिलंय, विकलं नाही. मृग निघाला की हे रात्री गावी फोन लावतात, पाऊस झाला का म्हणून.

सावंतवाडी

फक्त दवाखान्याचं सांगतो. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मोठं काही झालं की इथली माणसं गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात, आम्हीही गेलो, दीड तास. वाचले. तुमच्या सासूबाईंची साखर, डोळे, पाय जायच्या आधी सगळं तपासून घ्या. रात्री हाक मारली तर येणारी गाडी वाडीत कोणाकडे आहे आणि रत्नागिरीला पोचायला किती वेळ लागतो, हे दिवसा नाही, पावसात रात्री जाऊन बघा. आणि पायाजवळचं दिसेल अशी बॅटरी घरात प्रत्येकाकडे हवी. आपल्याकडे फुरसं, हा लहानसा विषारी साप, पालापाचोळ्यात ओळखू येत नाही.

डोंबिवली, पुन्हा मी

तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. आत्यांच्या दोन गुंठ्यांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. नंतर म्हणाल्या, आपल्या उताऱ्यावर माझ्या दोन्ही नणंदा आहेत, त्यांना कोणी विचारलंय का? कोणीच विचारलं नव्हतं. उतारा काढला, १४ नावं निघाली.

यांच्याशी बोलले. पहिल्यांदाच पूर्ण बोलले, मुलं झोपल्यावर, ओट्याशी उभं राहून. मला गावाची भीती नाही, माझी शिवणकामाची गिऱ्हाइकं सुटतील याची आहे, हे मला स्वतःलाही बोलता बोलताच कळलं. हे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "लांज्याच्या बाजारात टेलरिंगची किती दुकानं आहेत, बघून येऊ का?"

मे अखेरीला हे एकटे पुढे जातायत, घर शाकारून घ्यायला. आम्ही मुलांच्या शाळा इथेच सुरू ठेवतोय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी आठ दिवस जाणार आहे, मुलांना बहिणीकडे ठेवून. बॅटरी घेतलीय.