मदत हवी आहे: लक्षद्वीपला १६० मीटरसाठी फुग्यावर अँटेना, जमेल का?

टॉपबँडवेडा:
नमस्कार मंडळी,

आम्ही चार हॅम (हौशी रेडिओवाले) डिसेंबरअखेर लक्षद्वीपच्या कदमत बेटावर जायचं म्हणतोय. परवानगी, व्हीयू७ ने सुरू होणारा लक्षद्वीपचा कॉलसाइन (रेडिओ केंद्राची ओळख), बेटाचं प्रवेशपत्र या भानगडी सुरू आहेत, त्या इथे नकोत. अगत्ती मुद्दाम टाळलंय. विमानतळ तिथेच आणि बेट चिंचोळं, तिथे हवेत काही सोडायचं नावच काढायला नको.

अडलंय ते १६० मीटरच्या बँडवर (लहरपट्ट्यावर), म्हणजे टॉपबँडवर. १.८३ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची उभी तार म्हणजे साधारण ३९ मीटर. वरच्या, आखूड लहरींच्या बँडांना फायबरचा घडीचा दांडा पुरतो, पण ३९ मीटरचा मास्ट बोटीतून नेणं अशक्य. म्हणून डोक्यात फुगा आहे: दीड मीटर व्यासाचा, हेलियमचा, खाली १ मिमीची तांब्याची तार आणि पुळणीवर रेडियल (अँटेनाच्या बुडापासून चहूकडे जाणाऱ्या तारा) पसरलेले. समुद्र पाच पावलांवर, खाऱ्या पाण्यासारखी ग्राउंड कुठे मिळणार?

कुणी केलंय का हे? वाऱ्यात फुगा कितपत उभा राहतो? रबरी हवामान-फुगा घ्यावा की जाहिरातवाल्यांचा पीव्हीसी स्काय बलून? आणि हेलियम बेटापर्यंत न्यायचा कसा? कोचीहून बोट आहे एवढंच माहीत आहे.

नांगर:
हिशोब करून बघू. ३० अंश तापमानाला समुद्रसपाटीवर एक घनमीटर हेलियम ढोबळमानाने एक किलो उचलतो. दीड मीटर व्यास म्हणजे पावणेदोन घनमीटर, म्हणजे पावणेदोन किलो. त्यातून फुग्याचं वजन ३५० ग्रॅम धरा, तुमच्या तारेचे २८० ग्रॅम, दोरीचे शंभरेक ग्रॅम. हातात उरला एक किलो.

आता वारा. ताशी १८ किमी म्हणजे बेटावर झुळूकच, तरी तेवढ्या वाऱ्यात या आकाराच्या गोळ्याला साधारण सव्वा किलोचा आडवा रेटा बसतो. वर ओढ एक किलो, बाजूला सव्वा. तार उभ्यापासून ५० अंशांनी कलणार आणि तुमच्या ३९ मीटरची उभी उंची २५ वर येणार. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. मग उंची आठेक मीटर आणि फुगा नारळाच्या झावळ्यांत. दोरी कितीही सोडा, कल तोच राहतो.

मोठा फुगा घेतलात तर फरक पडतो, कारण उचल व्यासाच्या घनाने वाढते आणि रेटा वर्गाने. दोन मीटरच्या फुग्याला १८ किमीच्या वाऱ्यात ३३ मीटर उंची मिळेल. पण त्याला सव्वाचार घनमीटर गॅस लागतो.

आणि एक, तारेवर ताण देऊ नका. ताण घ्यायला डॅक्रॉनची (पॉलिस्टरची) वेगळी दोरी, तार तिच्या बाजूने सैल. तार तुटली तर पंधरा मिनिटांचं काम, दोरी तुटली तर फुगा अरबी समुद्राला अर्पण.

जुनी_रिग:
हा प्रयोग आपल्या छंदाहून जुना आहे बरं का. १९०१ च्या डिसेंबरात न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनी फुगे आणि पतंग दोन्ही घेऊन गेला होता. सोसाट्याच्या वाऱ्याने फुगा तोडून नेला, मग १२ तारखेला पतंगाने तार उचलली आणि कॉर्नवॉलहून येणारे मोर्स लिपीतल्या 'एस'चे तीन टिंब ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. ते खरंच ऐकू आले का यावर लोक अजून भांडतात, तो वेगळा धागा होईल.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी 'गिब्सन गर्ल' नावाचा हाताने फिरवायचा ट्रान्समीटर होता, ५०० किलोहर्ट्झचा. त्याच्या संचात पेटीपतंगही असे आणि फुगाही. वारा असेल तर पतंग, नसेल तर फुगा. फुग्यासाठी हायड्रोजन तयार करणारा डबा समुद्राच्या पाण्यात बुडवायचा. तेव्हा नांगररावांचं गणित बरोबर आहे, पडलेल्या वाऱ्यातच फुगा कामाचा.

हायड्रोजनचा मोह मात्र कुणी धरू नका. स्वस्त आहे, थोडा जास्त उचलतो, पण लांब तारेवर वाऱ्याने स्थिर वीज साठते आणि खाली तुम्ही शंभर वॉट सोडणार.

सिलिंडरकाका:
इव्हेंटवाल्यांना गॅस पुरवायचो, म्हणून सांगतो. सात घनमीटरचा सिलिंडर पन्नास-साठ किलोंचा लोखंडी ठोकळा असतो. प्रवासी विमानात दाबाखालचा सिलिंडर घेत नाहीत. प्रवासी बोटीवरही पिशवीबरोबर चढवू असं समजू नका. मालवाहू बोटीने आधी धाडावा लागेल, कागदपत्रांसकट. आणि दोन मीटरचा फुगा सात घनमीटरमध्ये एकदाच भरतो, फुटला तर दुसरा भरायला गॅस नाही.

रबरी फुगा उन्हात नि खाऱ्या हवेत लवकर खराब होतो. पीव्हीसी टिकतो पण जड. शिवाय बांधलेला फुगा वर सोडायलाही परवानगी लागते, नागरी विमान वाहतुकीची आणि स्थानिक पोलिसांची. लक्षद्वीपसारख्या जागी न विचारता सोडलात तर आधी तटरक्षक दल भेटायला येईल.

टॉपबँडवेडा:
सगळ्यांचे आभार. सिलिंडरचं ऐकून घाम फुटला. मग पतंग? गॅस नको, वजन नाही, पिशवीत मावतो.

नांगर:
दिवसा छान. पण १६० उघडतो रात्री, आणि वारा रात्री पडला की पतंग तुमच्या जेवणाच्या ताटात. रात्रभर कोणी दोरी धरून बसणार का? अंधारात पतंग दिसतही नाही.

खारीजमीन:
मंडळी, कदमतला नारळ आहेत हे कुणीच कसं म्हणेना? १५ ते १८ मीटर उंचीचे, फुकट उभे. १८ मीटर तार उभी चढवा, उरलेली २१ दुसऱ्या झाडाकडे आडवी न्या. इन्व्हर्टेड एल, बस.

आता तोटा किती ते बघा. पूर्ण उभ्या पाव तरंगलांबीचा रेडिएशन रेझिस्टन्स (ज्या रोधातली शक्ती लहरी बनून बाहेर जाते तो) साधारण ३६ ओहम, या एलचा १५ च्या आसपास. जमिनीतला तोटा दोन्हीकडे १० ओहम धरला तर पहिल्याची कार्यक्षमता ७८ टक्के, दुसऱ्याची ६०. म्हणजे सव्वा डेसिबलच्या आत. युरोपातल्या ऑपरेटरला हा फरक कानाने कळणार नाही. त्यासाठी साठ किलोंचा सिलिंडर? जमिनीतला तोटा कमी करा, त्यात जास्त फायदा आहे. जमतील तेवढे रेडियल ओल्या वाळूत पसरा, दोन-तीन थेट पाण्यात जाऊ द्या.

झाडाच्या मालकाला विचारा, नारळ हा तिथल्या लोकांचा रोजगार आहे. गलोलीने मासेमारीची दोरी टाकण्यापेक्षा चढणारा माणूस मिळाला तर उत्तम. आडव्या टोकाला चांगला इन्सुलेटर हवा आणि ते टोक हात पोचणार नाही इतकं वर, कारण तिथे सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं. तारेपासून ग्राउंडपर्यंत एक आरएफ चोक (रेडिओ लहरी अडवणारी गुंडाळी) लावा, साठलेली स्थिर वीज उतरून जाते. ढग गडगडले की ट्युनरपासून (अँटेना ट्रान्समीटरशी जुळवणाऱ्या पेटीपासून) तार काढून टाका.

टॉपबँडवेडा:
सव्वा डेसिबल! पटलं. फुगा रद्द, एल नक्की. पुण्यात किंवा मुंबईत ३ मिमीची डॅक्रॉन दोरी शंभरेक मीटर कुठे मिळते? नौकाविहारवाल्यांकडे बघू का? आणि १२ मीटरचा फायबर दांडा कुणाकडे पडून असेल तर दोन आठवड्यांसाठी हवाय, जाताना घेऊन जाईन, आल्यावर परत.

नांगर:
दांडा माझ्याकडे आहे, ठाण्यातून घेऊन जा. वरची शेवटची कांडी तुटलेली आहे, अकराच मीटर धरा. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).