क्रिस्पचा वरचा थर ओला का राहतो?

क्रिस्प म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर ओट्स, पीठ आणि लोण्याचा थर पसरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. वरचा थर शिऱ्यासारखा मऊ होतो, ही तक्रार बहुतेक वेळा लोण्यामुळे असते. वितळलेलं लोणी पिठात मुरून लगदा होतो. फ्रीजमधलं घट्ट लोणीच घ्या, तुकडे करून बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. वाटाण्याएवढे खडे राहिले पाहिजेत.

१ किलो सफरचंदांना वरच्या थराचं प्रमाण: ओट्स १०० ग्रॅम, पीठ ७५ ग्रॅम, गुळाची पावडर ८० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम. आपल्याकडची ज्वारी इथे फार छान लागते. निम्मी कणीक, निम्मं ज्वारीचं पीठ घ्या. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने थर खुसखुशीत होतो, पण नुसती ज्वारी घेतली तर भुगा होतो. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ नको.

लातूर-नांदेडच्या बाजारात मिळणारी लाल डेलिशियस सफरचंदं गोड आणि लवकर मऊ पडणारी. म्हणून फोडी बोटभर जाड ठेवा, एका लिंबाचा रस, २ चमचे साखर, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि दालचिनी लावून लगेच भांड्यात घाला. साखर लावून ठेवून दिल्या की पाणी सुटतं.

वरचा थर पसरून ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ४० ते ४५ मिनिटं भाजा, कडेने रस दाट बुडबुडेपर्यंत. झाकण नको, वाफ थरावरच पडते. बाहेर काढल्यावर २० मिनिटं थांबा, रस तेव्हाच घट्ट होतो.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये वरून रंग येत नाही. फोडी कढईत शिजवा, वरचं मिश्रण मंद आचेवर वेगळं परता आणि वाढताना भुरभुरा.