‘यलोस्टोन’मधलं गुराढोरांचं काम कितपत खरं आहे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. ‘यलोस्टोन’ ही अमेरिकन मालिका इथे बऱ्याच जणांनी पाहिली असेल. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातला जॉन डटन, त्याचं अवाढव्य रँच म्हणजे गुरांचं कुरण, ती जमीन गिळायला टपलेले बिल्डर आणि शेजारचं रिझर्वेशन, म्हणजे मूलनिवासी जमातीची राखीव जमीन. २०१८ ते २०२४ असे पाच सीझन झाले.

आम्ही घरी सगळे मिळून बघायचो. आमचे आप्पा वाळवा तालुक्यात आयुष्यभर दूधधंदा करत आलेत. इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं, पण पडद्यावर जनावर आलं की सरसावून बसायचे. दुसऱ्या सीझनमध्ये वैरी विमानातून क्लोव्हर टाकतात आणि डटनची गुरं पोट फुगून मरतात. तेव्हा आप्पा म्हणाले, “फुगतात हे खरं. पण इतकी एकदम?” आणि माणसांच्या छातीवर तापल्या लोखंडाने डाग देतात ते बघून उठूनच गेले. म्हणाले, हे खोटं आहे, असं कोणी गुराखी करणार नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तिकडचे रँचवाले नेटवर दोन टोकांचं लिहितात. कोणी म्हणतं आमचं जगणं पहिल्यांदाच पडद्यावर आलं, कोणी म्हणतं यात काडीचं खरं नाही. दोघंही त्याच मातीतले, मग धरायचं कोणाचं? तिकडे गुरांत वावरणारं कोणी असेल तर सविस्तर लिहा. मी आप्पांना वाचून दाखवणार आहे.

भटका पशुवैद्य

आप्पांना आधी माझा नमस्कार सांगा. मी शिरवळला पशुवैद्यक शिकलो, मग इकडच्या परीक्षा देऊन परवाना काढला आणि आता मोंटानात बिलिंग्जच्या आसपासच्या रँचवर गुरांचं काम करतो. ही मालिका माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी बसून, त्यांचं बोलणं ऐकत पाहिली आहे.

पोटफुगीपासून सुरू करतो, कारण आप्पांची शंका अगदी नेमकी आहे. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतलाच चारा. कोवळा, हिरवागार, फुलावर न आलेला आणि दवाने ओला असा खाल्ला की कोठीपोटात फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही, डावी भकाळी ढोलासारखी ताठ होते आणि फुफ्फुसांवर दाब येऊन जनावर काही तासांत जातं. इथपर्यंत मालिका खरी. पण तोच चारा कापला आणि सुकायला लागला की धोका बराच उतरतो, आणि कळपातली सगळी गुरं काही सारखीच उपाशी नसतात. काही मरतील, बरीच फुगून धापा टाकत उभी असतील. अशा वेळी रँचवर जो गोंधळ होतो तो पाहण्यासारखा असतो. एक जण नळी घालतोय, एक जण तेल पाजतोय, आणि अगदीच हातघाईला आलं तर भकाळीत ट्रोकार, म्हणजे टोकदार नळी, खुपसायचा. फेसाच्या फुगीत ट्रोकारनेही फारसं काही बाहेर येत नाही, त्यामुळे तेल किंवा फेस मोडणारं औषध आत जावंच लागतं. मालिकेला मेलेली गुरं हवी होती. वाचवायची धडपड दाखवली असती तर इथल्या माणसांनी जास्त मान दिला असता.

आता जे उत्तम आहे त्याबद्दल, आणि यात मी हात आखडता घेणार नाही. दोर टाकणं, खोगीर कसणं, घोड्यावरून कळप वळवणं, हे सगळं फार इमानदारीने केलेलं आहे. कर्ता टेलर शेरिडन स्वतः घोड्यांतला माणूस, त्याने नटांना आधी शिबिरात घोड्यावर घासून घेतलं. रँचवरच्या म्हाताऱ्या गड्याचं, लॉइडचं, काम करणारा फोरी स्मिथ खराखुरा रोडिओवाला, म्हणजे घोडे-बैलांच्या स्पर्धांतला माणूस आहे. दुसरा नट रायन बिंगहॅम गायक होण्याआधी रोडिओत बैलांवर बसायचा. जेक रीमसारखे खरे काउबॉय तर सरळ आपल्याच नावाने मालिकेत आहेत. हे लोक उभे कसे राहतात, कुंपणाला टेकतात कसे, घोड्याजवळ जाताना हात कुठे ठेवतात, ते कुणाला शिकवून येत नाही. माझा एक म्हातारा गिऱ्हाईक आहे, मोजकंच बोलणारा. लॉइड पडद्यावर आला की तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

घोड्यांबाबत मात्र एक गोष्ट डोळ्यांत येते. धावत येऊन मागच्या पायांवर घसरत थांबायचं, जागच्या जागी गरगरायचं, हा रेनिंग नावाचा स्पर्धेचा खेळ आहे. शेरिडनला त्याचं वेड आहे म्हणून तो मालिकेत आला. रोजच्या कामाला असा महागडा घोडा इथे फार थोड्यांकडे आहे. बरेच जण तर चारचाकी मोटरबाइकवरूनच गुरं हाकतात.

पाचव्या सीझनमधलं ब्रुसेलोसिसचं कथानक मला जवळचं वाटतं, कारण तो माझा रोजचा विषय आहे. या रोगात गाई शेवटच्या महिन्यांत गाभडतात, वार अडकते, आणि ते हाताळणाऱ्या माणसालाही महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप येतो. आप्पांना हे माहीत असणारच. आपल्याकडे २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना याचीच लस देतात. मोंटानात पार्क, गॅलॅटिन, मॅडिसन आणि बीव्हरहेड या काउंटींचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या) भाग खास देखरेखीखाली आहेत, कारण यलोस्टोन उद्यानाच्या आसपासच्या एल्क (मोठी हरणं) आणि बायसन (रानगवे) यांच्यात हा रोग मुरलेला आहे. लोक बोट दाखवतात बायसनकडे, पण अलीकडच्या काळात गुरांपर्यंत रोग पोचला तो एल्ककडून. २००८ साली राज्याचा रोगमुक्त दर्जा गेला तेव्हा इथल्या प्रत्येक गोवाल्याला त्याची झळ बसली. पुढच्या वर्षी तो परत मिळाला.

त्यामुळे डटन घाबरतो हे शंभर टक्के पटतं. पटत नाही ते पुढचं. तो अर्धा कळप ट्रकांत भरून टेक्ससला धाडायचं ठरवतो. डटनचं रँच गोष्टीत पॅराडाइज व्हॅलीत आहे, म्हणजे बरोबर त्या देखरेखीच्या पट्ट्यात. तिथून वयात आलेली गाय बाहेर काढायची तर आधी रक्त तपासावं लागतं. काउंटीची हद्द ओलांडायला डाग-तपासनीस येऊन प्रत्येक जनावराचा डाग बघून कागद देतो. ट्रक हलायच्या आधी कित्येक दिवस माझ्यासारखा कोणीतरी सुई आणि नळ्या घेऊन थंडीत उभा असतो. हे काम कंटाळवाणं मुळीच नाही, त्यात भांडणं होतात, रडणंही होतं. एका सकारात्मक नमुन्यावर अख्ख्या घराचं वर्ष पालथं होतं.

पैशाच्या बाबतीत मालिका सगळ्यात जास्त फसवी आहे असं माझं ठाम मत आहे. जमिनीच्या किमती, वारसा कर, बाहेरून आलेले श्रीमंत, हे प्रश्न खरे आहेत आणि ते टीव्हीवर आणल्याबद्दल लोक कृतज्ञ आहेत. पण बंकहाउसमध्ये, म्हणजे गड्यांच्या राहायच्या घरात, इतकी पगारी माणसं ठेवणारं रँच मी पाहिलेलं नाही. माझी बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे नवरा, बायको, कॉलेजातून सुट्टीला आलेला मुलगा, आणि बायकोची शाळेतली किंवा दवाखान्यातली नोकरी, कारण आरोग्यविमा तिच्या नोकरीतून येतो. वासरं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विकली जातात आणि वर्षाचा मोठा चेक तेव्हा एकदाच येतो. हिवाळ्यात एका गाईला साधारण दोन टन गवत लागतं. पाऊस कमी झाला की ते विकत घ्यायचं किंवा गाई विकायच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये उणे वीस तापमानात गाई वितात, रात्री दर दोन तासांनी कोणीतरी उठून गोठणीत चक्कर मारतं, गारठलेलं वासरू गाडीत हीटरसमोर ठेवतात. तरीही काहींचे कान झडतात. बघा, पिस्तुलापेक्षा या रात्रींत जास्त नाट्य आहे.

माणसांना डाग देण्याबद्दल आप्पा बरोबर आहेत. गुरांचा डाग इथे राज्याकडे नोंदवलेला असतो, कोणत्या अंगावर कुठल्या बाजूला ते सुद्धा लिहिलेलं असतं आणि दर दहा वर्षांनी नोंद नवी करावी लागते. शेवटची २०२१ मध्ये झाली. बापजाद्यांचा डाग म्हणजे घराण्याची इस्टेट. वसंतात डाग द्यायच्या दिवशी शेजारपाजारचे सगळे मदतीला येतात, बायका-पोरांसह, आणि दुपारी पंगत बसते. त्या दिवसाचं रूपांतर अशा क्रौर्यात केलेलं इथल्या माणसांना लागतं, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे.

तर तुमचा प्रश्न, धरायचं कोणाचं. “आमचं जगणं” म्हणणारा घोडा, दोर आणि डोंगर बघून बोलतो. “काडीचं खरं नाही” म्हणणारा मुडदे आणि हेलिकॉप्टर बघून. मी विचारतो की बाबा, तू स्वतः यातलं कोणतं काम करतोस? त्या कामापुरतं त्याचं मत मी डोळे मिटून घेतो.

वॉसॅच

डॉक्टरांना +१. मी यूटात राहतो, म्हणून जागांबद्दल थोडं. पहिले तीन सीझन बरेचसे इकडेच, पार्क सिटीच्या आसपास चित्रित झाले. चौथ्यापासून मुक्काम मोंटानाला हलला. डटनचं ते भव्य लाकडी घर मात्र पहिल्यापासून मोंटानातलंच आहे, डार्बीजवळचं चीफ जोसेफ रँच. पण डार्बी बिटररूट खोऱ्यात, राज्याच्या पश्चिम टोकाला. गोष्टीतली पॅराडाइज व्हॅली तिथून गाडीने चार तासांच्या वर. आमच्या ओळखीचे डोंगर मोंटाना म्हणून दिसले की इथले लोक एकमेकांना कोपर मारतात. ‘लाँगमायर’ या दुसऱ्या मालिकेत तर वायोमिंग म्हणून सगळं न्यू मेक्सिको दाखवलंय, तरी वायोमिंगमध्ये तिचे चाहते ढिगाने आहेत. डोंगर चुकलेला लोक पोटात घालतात असा माझा अनुभव आहे.

कायदेकानू

मी वकील आहे, पुण्यात. अमेरिकन मूलनिवासींच्या कायद्याचा थोडा अभ्यास केला होता, म्हणून त्या बाजूने लिहिते.

पहिल्याच भागात गुरं रिझर्वेशनच्या हद्दीत जातात आणि हद्द कोणाची, हक्क कोणाचा यावरून गोळीबार होतो. गोळीबार सोडा, तो हद्दीचा गुंता फार खरा आहे. १८८५ च्या मेजर क्राइम्स अ‍ॅक्टपासून रिझर्वेशनवर मूलनिवासी माणसाने केलेला खून संघराज्याच्या अखत्यारीत जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या ऑलिफंट निकालाने तर मूलनिवासी नसलेल्या माणसावर फौजदारी खटला चालवायचा अधिकारच जमातीच्या न्यायालयांकडून गेला. २०१३ आणि २०२२ च्या कायद्यांनी काही गुन्ह्यांपुरता तो परत मिळाला. बेपत्ता होणाऱ्या मूलनिवासी स्त्रियांचा जो धागा मालिकेत येतो, त्याच्या मुळाशी हा इतिहास आहे. मालिकेने तो आणखी उलगडायला हवा होता, कारण तिच्याकडे मो ब्रिंग्ज प्लेंटीसारखा लकोटा जमातीचा माणूस नट आणि सल्लागार म्हणून होता. मालिकेतलं ब्रोकन रॉक हे रिझर्वेशन मात्र काल्पनिक आहे. मोंटानात खरी सात आहेत, त्यातलं क्रो सगळ्यात मोठं.

आणि मुडदे टाकायची ती ‘ट्रेन स्टेशन’ नावाची दरी. मालिकेत म्हणतात की ती वायोमिंगमधल्या अशा काउंटीत आहे जिथे एकही माणूस राहत नाही, म्हणून ज्यूरी बसवता येणार नाही. अशी काउंटी वायोमिंगमध्ये नाही. पण कल्पना हवेतली नव्हे. यलोस्टोन उद्यानाचा आयडाहोमधला सुमारे ५० चौरस मैलांचा निर्मनुष्य पट्टा संघराज्याच्या वायोमिंग जिल्हा न्यायालयाला जोडलेला आहे, आणि घटनेप्रमाणे ज्यूरी राज्य व जिल्हा दोन्हींतली लागते. ब्रायन काल्ट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००५ मध्ये ही फट दाखवून दिली होती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती बुजवावी असा त्यांचा आग्रह होता.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आप्पांना पूर्ण धागा वाचून दाखवला. डाग द्यायच्या दिवसाची पंगत ऐकून खूश झाले. त्यांचा एक प्रश्न आहे, डॉक्टर. आमच्याकडे एक म्हैस धरायला दोन माणसं लागतात. तिकडे एवढी मोकाट जनावरं, वेसण नाही, दावं नाही. गाभण तपासता कशी?

भटका पशुवैद्य

आप्पा, लोखंडी पिंजरा असतो, त्याला शूट म्हणतात. कळप आधी मोठ्या वाड्यात, मग वळणदार अरुंद गल्लीत घेतात, म्हणजे पुढचं दिसत नाही आणि गाय निवांत चालत राहते. एकेक गाय पिंजऱ्यात आली की मानेशी फाटक आवळतं, बाजू दाबल्या जातात आणि मी मागून हात घालतो किंवा अल्ट्रासाउंड लावतो. जमलेल्या माणसांत तासाला पन्नास-साठ सहज होतात. शरद ऋतूत वासरं तोडली की हेच काम चालतं. मी ओरडून सांगतो, मालकाची बायको वहीत लिहिते, मुलगा खडूने पाठीवर खूण करतो. भाकड निघालेली गाय बहुधा त्याच आठवड्यात बाजारात जाते, कारण तिला हिवाळाभर दोन टन गवत घालणं परवडत नाही. कधी ती घरातल्या मुलीने हाताने दूध पाजून वाढवलेली असते. मग मालक मला पुन्हा एकदा हात घालून बघायला सांगतो, आणि मी बघतो.