मदत हवी आहे: बॅटरीचा नाद लागलाय, पुढची कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी,
रात्री शेतात पाण्याची दारं धरायला जाताना बाबांची पितळी बॅटरी माझ्याच हातात असायची, दोन मोठ्या सेलांची. नाद तिथलाच. गेल्या पावसाळ्यात राजमाचीच्या वाटेवर मित्राने कन्व्हॉय एस-टू-प्लस ही छोटी एलईडी बॅटरी हातात दिली आणि ओल्या कातळावरचं शेवाळ खरंच हिरवं दिसलं, माती लाल. निळसर पांढरा फटफटीतपणा नाही. नुसते ल्युमेन, म्हणजे उजेड किती, एवढंच बघून भागत नाही, सीआरआयही बघायचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, हे तेव्हा कळलं. आता घरात पाच झाल्यात.

सहावीसाठी सुचवा: १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, चार्ज होणारा लिथियम सेल), उजेडाची छटा ४००० केल्विनच्या आसपास, म्हणजे ना पिवळी ना निळसर, सीआरआय ९० च्या वर. लांब झोत नको, पायाखाली पसरणारा उजेड हवा.

खरी अडचण सेलची. ९९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेला घेतला, अर्ध्या तासात मान टाकली. त्या मापात ३५०० च्या आसपासच मावतं, हे नंतर समजलं. पुण्यात खात्रीचे सेल कुठे मिळतील?

आणि बाबांच्या बॅटरीच्या स्विचची पट्टी गंजलीय. बल्ब जुनाच ठेवून दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? ती परत पेटलेली बघायचीय.