भुट्ट्याचा कीस: प्रमाण वाढवलं की दूध फाटतं, गार झाला की गोळा होतो. काय करावं?

रामबागकर (इंदूर)
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी मैत्रिणींची भिशी आहे. प्रत्येकीनं घरचा एक पदार्थ करून आणायचा आणि कृती कागदावर लिहून बाकीच्यांना द्यायची, असं ठरलंय. माझ्या वाट्याला भुट्ट्याचा कीस आलाय, पंधरा जणींसाठी. चौघांपुरता नीट होतो. जास्त केला की दूध घातल्यावर बारीक बारीक कण दिसतात आणि गार झाल्यावर त्याचा गोळा होतो. क्रम नेहमीचाच: तुपात मोहरी, जिरं, हिंग, मिरची, मग कीस, थोडं परतून दूध, किसलेलं आलं, मीठ, साखर, लिंबू. बाजारात देशी भुट्टे आणि स्वीटकॉर्न दोन्ही आहेत, कोणते घेऊ? मिक्सर चालेल का? मापं नेमकी सांगा, कारण ती दुसऱ्यांच्या हातात जाणार आहेत.

मालव्याची_चूल
ताई, कीस बिघडतो तो बहुतेक वेळा दूध घालायच्या आधीच. तुम्ही "थोडं परतून" लिहिलंय, तिथंच गडबड आहे. प्रमाण वाढलं की कढई भरते, आच तीच राहते, मग कीस परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात वाफवतो. त्यात दूध पडलं की पिठल्यासारखी गत होते.

आधी भुट्टा. देशीच घ्या, पण कोवळा. साल थोडी सोलून दाण्यावर नख रुतवा. घट्टसर पांढरं दूध आलं तर तो किसासाठी योग्य. पाण्यासारखं पातळ आलं तर फार कोवळा, कीस चिकट होईल. काहीच आलं नाही आणि दाणा टणक लागला तर तो भाजून खा. भुट्टे त्याच दिवशी आणा. तोडल्यानंतर दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत राहतो, म्हणून दोन दिवस पडलेला भुट्टा गोडीही घालवतो आणि दूधही जास्त पितो.

मिक्सर नको. किसणीवर किसलं की दाण्यातला गर खाली येतो आणि दाण्याची साल बरीचशी बुरकुंडाला चिकटून राहते. मिक्सरमध्ये ती सालही वाटली जाते, शिजल्यावर जिभेला लागते, आणि गराची पेस्ट होऊन गोळा लवकर होतो. मध्यम भोकांची किसणी घ्या, भुट्टा उभा धरून किसा, शेवटी बुरकुंडावर सुरीची बोथट बाजू फिरवून राहिलेलं दूध निपटून घ्या. चव त्यातच जास्त असते. किसून ठेवू नका, तासाभरात कढईत गेला पाहिजे. पावसाळी हवेत तो आंबूस व्हायला वेळ लागत नाही.

मापं अर्धा किलो किसाची देते. मध्यम आकाराचे पाच-सहा भुट्टे लागतात. तूप 4 मोठे चमचे, मोहरी अर्धा लहान चमचा, जिरं 1 लहान चमचा, हिंग पाव लहान चमचा, हिरव्या मिरच्या 4 बारीक चिरून, आलं इंचभर, हळद दोन चिमटी, दूध 300 मिली, मीठ दीड लहान चमचा, साखर 1 लहान चमचा, एका लिंबाचा रस, वरून कोथिंबीर आणि ओलं खोबरं. दाणा जरा जून असेल तर दूध 400 ते 450 मिलीपर्यंत जाईल, म्हणून जास्तीचं गरम करून बाजूला ठेवा.

फोडणीत कीस घातला की पहिली पाच मिनिटं मध्यम आच, मग मंद. एकूण 12 ते 15 मिनिटं. उलथन्यानं तळ खरवडत राहा. सुरुवातीला तो लगद्यासारखा असतो, मग गोळा होऊन कढईच्या कडा सोडतो, मग हळूहळू मोकळा होतो, रंग गडद होतो आणि कडेला तूप दिसायला लागतं. कच्चा वास गेला पाहिजे. तूप दिसेपर्यंत दुधाला हात लावायचा नाही. नंतर कडकडीत गरम दूध तीन वेळा थोडं थोडं, प्रत्येक वेळी मुरू द्यायचं. झाकण ठेवून मंद आचेवर आणखी 12-15 मिनिटं.

उतरवताना किंचित सैल उतरवा. गार होताना स्टार्च आवळतोच, कढईत हवा तसा घट्ट झाला तर ताटात गोळाच येणार.

पंधरा जणींना सव्वा किलो कीस पुरतो, बाकीचे पदार्थ आहेत म्हणून. एकाच कढईत करू नका, दोन घाणे करा. कढई पसरट आणि जाड बुडाची, ॲल्युमिनियमची किंवा कल्हईची पितळी. पातळ स्टीलला तो हमखास लागतो. लोखंडीत लिंबामुळे रंग काळपट येतो.

दुधाची_साय
दुधाबद्दल लिहिते. रामबागकर ताई, तुम्ही आलं दुधानंतर घालता, कण त्यामुळेच येत असावेत. कच्च्या आल्यात दूध गोठवणारं एन्झाइम असतं, ते आच लागली की निकामी होतं. म्हणून आलं फोडणीतच, मिरचीबरोबर, अर्धा मिनिट तुपात परतायचं. दुसरं कारण लिंबू. कढईत मोकळं दूध दिसत असताना रस पडला तर फाटणारच. दूध पूर्ण मुरल्यावर, गॅस बंद करून, दोन-तीन मिनिटांनी पिळा. मीठ ताज्या दुधाला एकट्यानं फाडत नाही, पण दूध सकाळपासून बाहेर असेल तर धोका आहे, म्हणून तेही मुरल्यावरच.

मात्र दिसणारे कण म्हणजे फाटलेलं दूधच असं समजू नका. कडेला हिरवट, नितळ पाणी सुटलं असेल तर दूध फाटलंय. पाणी नाही, नुसत्या मऊ गुठळ्या आहेत, तर गार दूध गरम किसावर पडून स्टार्चच्या गाठी झाल्यात. त्या झाकण ठेवून, उलथन्यानं दाबत शिजवलं की मोडतात.

स्वीटकॉर्नवाला
देशी मिळालाच नाही तर स्वीटकॉर्ननं अडत नाही, फक्त मापं बदला. त्यात साखर आणि पाणी जास्त, स्टार्च कमी. म्हणून अर्धा किलोला दूध 150 मिलीच, साखर अजिबात नको, आणि परतताना दोन लहान चमचे भाजलेला बारीक रवा. साखरेमुळे तळाला लवकर लागतो, आच मंदच ठेवा. मिरची एक-दोन वाढवा, नाहीतर खिरीसारखा गोड लागतो. निम्मा देशी, निम्मा स्वीटकॉर्न घेतला तर मला वाटतं सगळ्यात छान मेळ बसतो.

आणि इतकं परतण्यापेक्षा कुकर बरा. कीस, निम्मं दूध एकत्र करून डब्यात, दोन शिट्ट्या, मग फोडणी. पंधरा जणींसाठी हात दुखणार नाही.

मालव्याची_चूल
कुकरमधला कीस मऊ आणि पचायला हलका होतो, घरात वयस्कर माणसं असतील तर तसाच करावा. पण तुपात परतल्याचा खमंगपणा त्यात येत नाही, कारण डब्यात पाणी असेपर्यंत दाणा भाजला जात नाही. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री मोठ्या कढईत तासन्‌तास मंद आचेवर जो चाललेला असतो, त्याची चव त्या भाजण्याचीच आहे. मधला मार्ग हवा तर नुसता कीस, दूध न घालता, मोदकपात्रात 8-10 मिनिटं वाफवा, हातानं मोकळा करा आणि मग तुपात सात-आठ मिनिटं परता. परतण्याचा वेळ निम्मा होतो, खमंगपणा बराचसा राहतो.

रामबागकर (इंदूर)
खूप आभार. आणखी एक. भिशी संध्याकाळी पाचला आहे, मला मात्र सकाळीच वेळ आहे. सकाळी करून नेला तर?

दुधाची_साय
पूर्ण करून ठेवू नका. तूप सुटेपर्यंत परतून घ्या, ताटात पसरून गार करा, डबा बंद करून फ्रिजमध्ये. चार वाजता कढईत गरम करून गरम दूध, पुढचं सगळं तेव्हाच. फ्रिजमधला कीस कोरडा झालेला असतो, अर्धा किलोला 50 मिली दूध जास्त धरा. दूध घातलेला कीस या दमट हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. उरला तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ, कांदा घालून थालीपीठ लावा, लिंबू आधीच असल्यामुळे दही लागत नाही.

जीरावन_हवंच
वरून जीरावन (भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला) विसरू नका, पण वाढताना, कढईत नाही. काळं मीठ आणि आमचूर असतं त्यात, किसातलं मीठ-लिंबू त्या अंदाजानं कमी ठेवा. घरी करायचं तर जिरं 4 चमचे, धणे 2, बडीशेप 1, लवंगा 6, दालचिनी बोटभर, हे मंद भाजून गार झाल्यावर दळा. मग सुंठ अर्धा चमचा, हिंग पाव, लाल तिखट 1, आमचूर 2, काळं मीठ 1 मिसळा. आमचूर आणि काळं मीठ भाजायचं नाही, ओलसर होऊन गुठळ्या धरतात. बारीक शेव वेगळी ठेवा, आधी घातली तर नरम पडते.