इंदूर: १२० चौरस फुटांच्या वाफ्याला मल्च (मातीवर अंथरायचं आच्छादन) कोणतं आणि किती घ्यावं?

अंगण_राजेंद्रनगर

राजेंद्रनगरात घरामागे १५ बाय ८ फुटांचा वाफा आहे, माती आपली काळीच. वांगी, मिरची, भेंडी. रोपं वीतभर झाली आहेत. कडेला एक लिंबू, गच्चीवर १२ इंची २५ कुंड्या. एप्रिल अर्धा झाला नाही तोच सकाळचं पाणी दुपारी दिसेनासं होतं आणि वाफ्याला भेगा पडायला लागल्या. ऑनलाइन ५ लिटरच्या पाइन बार्कच्या (पाइनच्या सालीच्या तुकड्यांच्या) पिशव्या आणि कोकोपीटच्या (नारळाच्या शेंडीच्या भुग्याच्या) विटा दिसतात. पशुआहाराच्या दुकानात गव्हाचा भुसा आहे. आरा मशीनवाला बुरादा (लाकडाचा भुसा) फुकट न्या म्हणतो. यातलं काय घ्यावं आणि किती? वाळवी लागेल असं शेजारी सांगतात, ते खरं का?

काळी_माती

आधी हिशेब, मग दुकान. क्षेत्र चौरस फुटांत, थर इंचांत. दोन्हींचा गुणाकार करून पुन्हा २.३६ ने गुणा, लिटर मिळतात. तुमच्या वाफ्याला २ इंच थर म्हणजे १२० × २ × २.३६, सुमारे ५६६ लिटर. ५ लिटरच्या पिशव्या ११३ लागतील. पाइन बार्कचा विषय इथेच संपला. चार शोभेच्या कुंड्यांवर घालायला ठीक आहे.

तुमच्यासाठी गव्हाचा भुसा. सध्या कापणी, मळणी नुकतीच झाली आहे, त्यामुळे माल ताजा आणि कोरडा मिळेल. 'एक पोतं' म्हणजे केवढं हे मात्र आधी विचारा. ५० किलो गहू मावणारं पोतं साधारण ६५ लिटरचं असतं, सिमेंटची गोणी जेमतेम ३५ लिटरची, आणि दुकानदार दोन्हींना पोतंच म्हणतो. गव्हाच्या पोत्यांनी हिशेब केला तर ९ होतात. भुसा भिजला की दबतो, म्हणून ११-१२ आणा.

घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर तो माल ओला भरलेला आहे, सोडून द्या. वजनावर घेत असाल तर ओल्या भुशात पाण्याचेही पैसे जातात. शेतात तणनाशक मारलेलं असेल तर त्याचा अंश भुशात येऊ शकतो. वांगी-मिरचीला तो सोसत नाही. एक पोतं आणून मूठभर भुसा रात्रभर तांब्याभर पाण्यात भिजवा. एका डब्यात मेथी पेरून तिला हे पाणी द्या, दुसऱ्या डब्यातल्या मेथीला साधं. १०-१२ दिवसांत पहिल्या डब्यातली पानं वळली किंवा रोपं खुजी राहिली तर बाकीची पोती घेऊ नका.

अंथरण्यातच बहुतेकांचं चुकतं. कोरड्या मातीवर कोरडा भुसा टाकला की वरून शिंपडलेलं पाणी भुसाच पिऊन टाकतो आणि खाली मुळं तहानलेली राहतात. काळ्या मातीत तर पाणी भेगांतून थेट खाली जातं, आडवं पसरतच नाही. म्हणून तण काढा, खुरप्याने वरची इंचभर पापडी मोडा, भेगांत भुरभुरीत माती आणि शेणखत कोंबा. संध्याकाळी पाइपची धार बारीक ठेवून वीतभर खोल ओल जाईल एवढं पाणी द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भुसा पसरा, प्रत्येक खोडाभोवती २ इंच जागा मोकळी सोडून. यानंतर पाणी भुशाच्या खालून, म्हणजे ठिबकची नळी किंवा पाइपचं तोंड आच्छादनाखाली ठेवून.

मळणी यंत्राचा भुसा बारीक असतो. २ इंचांच्या वर घातलात तर त्याची चटई होते, हवाही जात नाही. आठवड्यातून एकदा बोटांनी उकलून घ्या. मे महिन्यात लू सुटली की उडतोही. अंथरल्यावर हलकं भिजवून वर वाळक्या काटक्या आडव्या टाका. मधूनमधून गहू उगवेल, दोन पानांवर असतानाच उपटा.

गच्चीवाली

फक्त कुंड्यांबद्दल. १२ इंची कुंडीला २ इंच थराला ३.७ लिटर लागतं, २५ कुंड्यांना ९३ लिटर, म्हणजे गव्हाची दीड पोती. पण आधी काठापासून ३ इंच जागा रिकामी हवी. बहुतेक कुंड्या काठोकाठ मातीने भरलेल्या असतात, मग पहिल्याच पाण्याला मल्च गच्चीवर वाहून जातं. वरची माती काढूनच घाला.

कोकोपीट मल्च म्हणून घेऊ नका. ते मातीत मिसळायचं माध्यम आहे. वर पसरलं तर उन्हात वाळून उडतं, आणि एकदा पूर्ण सुकलं की पाणी न शोषता बाजूने सोडून देतं. नारळाचंच हवं असेल तर शेंडीचे तुकडे घ्या. दोन दिवस भिजवून पाणी दोनदा बदला, कारण त्यात क्षार असतात आणि आधी त्यानेच पानांच्या कडा जळतात.

रसाच्या ठेल्यावरची उसाची चिपाडं फुकट मिळतात आणि कामाचीही आहेत, पण तशीच घातलीत तर मुंग्यांचं लग्न लागेल. धुऊन ३-४ दिवस कडक उन्हात वाळवा, मग कात्रीने बोटभर तुकडे करा.

काळे-राखाडी गोटे गच्चीवर नकोत, ते तापून मुळं शेकतात. आणि मल्च घातल्यावर पाणी अंदाजाने देऊ नका. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून रोज पाणी घातलं की कुंडी सडते. थर बाजूला सारून बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

रंधा_करवत

बुराद्याला सगळे एकदम नाही म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. आधी शब्दाचा घोळ: मराठीत लाकडाचाही भुसा आणि गव्हाचाही भुसा. इंदुरात आरा मशीनवर बुरादा म्हणा आणि पशुआहारवाल्याकडे भुसा, नाहीतर भलतंच पोतं घरी येईल.

बुराद्यात कर्ब आणि नत्राचं प्रमाण ४००:१ च्या आसपास असतं, गव्हाच्या भुशात साधारण ८०:१. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते त्यांना बुराद्यात मिळत नाही, म्हणून मातीतून ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. पण नुसता वर पसरला तर ही ओढ मातीच्या वरच्या पातळ थरापुरतीच राहते. नुकसान होतं ते खुरपताना तो मातीत कालवला गेला की. भाजीच्या वाफ्यात खुरपी चालणारच, त्यामुळे तिथे नको. वाफ्याच्या कडेच्या पायवाटेवर खाली पुठ्ठा, वर २ इंच बुरादा असा घाला, तणही थांबेल आणि चिखलही. रंधा मारताना निघणारी सालपटं मिळाली तर बुराद्याआधी तीच उचला, त्यांची पापडी होत नाही. प्लायवूड किंवा एमडीएफ कापलेला बुरादा मात्र फुकटही नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. रंग अगदी एकसारखा आणि दाणा पिठासारखा दिसला तर कशाचा आहे ते विचारून घ्या.

लिंबाच्या आळ्यात सालपटं ३-४ इंच घातली तरी चालतील.

काळी_माती

लिंबाबाबत एवढं सरसकट नको. आत्ता ३ इंच ठीक, पण खोडापासून वीतभर दूर, कडं करून. खोडाला टेकलेलं ओलं आच्छादन पावसाळ्यात राहिलं की बुंध्याची साल कुजते, डिंक वाहायला लागतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

रंधा_करवत

मान्य. वीतभर दूर हे लिहायचं राहिलं.

अंगण_राजेंद्रनगर

सगळ्यांचे आभार. भुसाच ठरवला. आज एकच पोतं आणतो, मेथीची परीक्षा झाली की बाकीची. वाळवीचं राहिलं. वाफा घराच्या भिंतीला लागून आहे. आणि पाऊस आला की हे सगळं काढायचं का?

काळी_माती

वाळवी भुशाला लागेल, शेजारी चुकीचं सांगत नाहीत. तिला सुकं, मेलेलं लाकूड-काडी हवी असते, आणि पाणी तुटल्याने मलूल झालेली रोपं. ओल टिकून असलेल्या वाफ्यात हिरव्या रोपाला ती सहसा त्रास देत नाही. भिंतीपासून फूटभर पट्टा पूर्ण उघडा ठेवा. आठवड्याला भुसा उकलताना मातीच्या नळ्या दिसल्या तर मोडा आणि तिथे पाणी द्या. चौकटीकडे जाणारी नळी दिसली तर तो घराचा प्रश्न आहे, त्यासाठी वेगळा माणूस बोलवा. भाजीच्या वाफ्यात वाळवीचं औषध ओतू नका, ती वांगी तुम्हीच खाणार आहात. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती भुसा कुजवते आहे. आंबट किंवा अमोनियासारखा वास आला तर मात्र थर जाड झालाय, उकरून पसरा.

पावसाचं दुखणं वेगळं. काळी माती पाणी धरून बसते, वर आच्छादन असलं की ऊन पडूनही ती सुकत नाही. जो थर मे महिन्यात रोपं जगवतो तोच जुलैत मुळं कुजवतो, आणि गोगलगायींना घर देतो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की अर्धा भुसा ओढून काढा, इंचभर राहू द्या. तेवढा पावसाच्या थेंबांनी माती दबू नये एवढ्यासाठी. झडीत वाफ्यात पाणी साचत असेल तर तेवढाही नको, आधी चर खणा.

काढलेला भुसा फेकू नका. शेण आणि हिरव्या पाल्याबरोबर थर देऊन ढीग लावा. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्रीत कंपोस्टची पद्धत बसवली आणि ती जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. आपण मात्र पाला जाळतो. दर दोन-तीन आठवड्यांनी ढीग उलटा. ऑक्टोबरात पाऊस संपून मातीत ओल असतानाच पुन्हा २ इंच घाला. तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, त्याचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) मिळेल. ते गव्हाच्या भुशापेक्षा जाडं, चटई होत नाही, पण लवकर कुजतं, तेव्हा दोन पोती जास्त धरा.

गच्चीवाली

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलनीतले पिंपळ-कडुनिंब झडतात तेव्हा पाला पोत्यांत भरून ठेवा. आंब्याची पानं अख्खी घालू नका, एकावर एक चिकटून छप्पर होतं आणि पाणी वरूनच वाहून जातं. वाळलेली पोत्यात भरून काठीने बडवा. निलगिरीचा पाला वेगळा काढा, त्याच्या खाली बी नीट उगवत नाही.